न गंजणाऱ्या सुरीची मूठ

२ जून

सुरीला गंज. काल दलदलीवरून आल्यावर म्यानात ठेवली होती, सकाळी काढली तर पात्यावर तपकिरी ठिपके. सव्वीस वर्षं हीच साध्या पोलादाची सुरी वापरतोय, तिनं असा दगा कधी दिला नव्हता. घासायला बसलो तर बोटांत गोळे आले. शेवटी तशीच ठेवून दिली.

ही म्हणाली, "अहो, रात्रभर म्यानातच होती का? चामडं ओलं असतं."

"मग म्यान असतं कशासाठी? भिंतीवर शोभेला?"

"पूर्वी तुम्ही आल्या आल्या पुसायचात, तेलाचा हात द्यायचात."

पूर्वी मला केसही होते.

दमतो मी हल्ली, खरं सांगायचं तर. घरी येईपर्यंत उजवा हात जड झालेला असतो आणि मग तेलाची बाटली, फडकं, हे सगळं उद्यावर जातं. पन्नाशी उलटून चार वर्षं झाली, चालायचंच.

ही वही कुणाच्या हाती पडली तर वेडा समजायला नको म्हणून धंदा लिहून ठेवतो. नदी समुद्राला मिळते तिथं खारी दलदल आहे. रानडुकरं दिवसा तिथल्या लव्हाळ्यात दडतात आणि अंधार पडला की शेतं उकरतात. त्यांना मारायचा वनखात्याचा परवाना माझ्या मेव्हण्याकडे आहे, हिच्या धाकट्या भावाकडे. तो गोळी घालतो, मी जागेवरच डुक्कर उघडून कोथळा काढतो आणि सोलतो, कारण उशीर झाला की मांस नासतं. मग घरामागच्या शेडमध्ये ही तुकडे पाडते आणि खाटीक येऊन घेऊन जातो. मेव्हण्याचा नेम चुकला तर डुक्कर पळतं, एवढंच. माझा हात चुकला तर तिघांची मेहनत उकिरड्यावर.

तेव्हा ठरलं. न गंजणारी सुरी करून घ्यायची, माझ्या मापाची. या पेनाचंही काहीतरी करायला हवं. धरलं की निसटतं.

६ जून

बाजारात तयार सुऱ्या बघून आलो. दुकानदार म्हणतो, "साहेब, आयुष्यभर गंज धरणार नाही." गेल्या वर्षी अशीच एक घेतली होती. गंजली नाही हे खरं, पण तिनं काही कापलंही नाही. अर्ध्या डुकरात धार गेली, उरलेलं डुक्कर मी विनवण्या करून सोललं. मूठ म्हणाल तर साबणाची वडी.

आज मेव्हण्याचा नेम चुकला आणि त्यानं बंदुकीला शिव्या घातल्या. मी म्हटलं, "नाचता येईना, अंगण वाकडं." एरवी हा गडी उलट दोन ऐकवल्याशिवाय राहत नाही. आज नुसता हसला आणि माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "दाजी, गोदीमागं एक बाई सुऱ्या घडवते. मच्छीमार सगळे तिच्याकडं जातात. माप घेऊन करते म्हणे."

बाई आणि सुऱ्या घडवते. जाऊन तर बघू.

१४ जून

होड्यांची इंजिनं दुरुस्त करणाऱ्याच्या शेजारी पत्र्याची लांबट खोली, तोच बाईंचा कारखाना. दाराशी पाण्याची बादली, आत घासायचा पट्टा घरघरतोय, जळक्या तेलाचा वास. बाई साठीच्या, बुटक्या, चष्मा दोरीनं बांधलेला. नवऱ्यामागं धंदा सांभाळत असतील असं मी धरून चाललो आणि तसं बोलून गेलो. म्हणाल्या, "नवरा घरी आहे. स्वयंपाक करतोय."

मग माझी परीक्षाच घेतली. काय कापता? हाडावर घालता का? पाणी खारं की गोडं? धार कोण लावतं? मी म्हटलं, बाकी राहू द्या, न गंजणारं पोलाद द्या.

"न गंजणारं पोलाद नसतं, भाऊ. उशिरा गंजणारं असतं. गंजाला जेवढं पक्कं, तेवढं एकतर धारेला आळशी, नाहीतर धार लावून घ्यायला हट्टी. तुम्हाला कुठला त्रास सोसेल ते सांगा."

असा प्रश्न मला लग्नातसुद्धा कुणी विचारला नव्हता.

शेवटी त्यांनी ओल्या मातीचा लांबट गोळा हातात दिला. "कोथळा उघडताना धरता तसं धरा आणि दाबा." अशा मातीवरून त्या मूठ कोरतात. भिंतीला फळी आहे, तिच्यावर वाळलेल्या मुठीच मुठी, कुणाच्या जाड्या, कुणाच्या काटकुळ्या. माझी सोडली तेव्हा मातीत बोटांच्या खाचा उमटलेल्या. बाईंनी शेवटच्या खाचेवरून अंगठा फिरवला.

"करंगळी जरा हलकी आहे."

"असू द्या, तेवढीच नाजूक आहे माझ्याजवळ," मी म्हटलं.

हसल्या नाहीत. मूठ फळीवर ठेवली आणि तीन पोलादांच्या तीन पट्ट्या हातात दिल्या. दलदलीत लव्हाळ्याला बांधून ठेवा, पुढच्या महिन्यात बघा आणि मग बोला. सुरी व्हायला थंडी उजाडेल म्हणाल्या. बाई कजाग आहे, पण मला आवडली.

२९ जून

पट्ट्या बांधल्या. म्हणजे मेव्हण्यानं बांधल्या. दोरा इतका भिकार की गाठच बसेना. त्यानं माझ्या हातातून घेऊन दोन झटक्यात बांधून टाकल्या. तरुण माणसाला घाई असते.

१८ ऑगस्ट

पट्ट्या आणल्या. महिन्याचे जवळजवळ दोन महिने झाले, पावसाच्या पाण्यानं वाट अडवली होती. पहिली गाजराच्या रंगाची झाली आहे. दुसरीवर दोनचार ठिपके, नखानं खरवडले की जातात. तिसरी मात्र कोरी, जशी दिली तशी.

ही म्हणाली, "दुसरी घ्या. बाई म्हणाल्या ना, तिला धार लावणं सोपं जातं."

ठिपके असलेली सुरी घ्यायला मी दोन महिने चिखल तुडवला का? बाईंना फोन केला, तिसरी.

"तिला धार लावायला मनगटात जोर लागतो, भाऊ."

"जोर आहे," मी म्हटलं.

मग म्हणाल्या, बरं.

२१ सप्टेंबर

खाटीक येऊन गेला. म्हणाला, "मामा, तुमचं सोललेलं जनावर लगेच ओळखू येतं. कडा कशा साफ!" बरं वाटलं. सव्वीस वर्षांत शाबासकी मोजकीच मिळाली, ती तरी लिहून ठेवावी.

हिचं मात्र काहीतरी बिनसलंय. हल्ली माझ्या आधी उठून शेडमध्ये जाते. मी टांगून ठेवलेल्या जनावराच्या कडा पुन्हा छाटत बसते, चरबीचे लोंबते तुकडे काढते. काम नसलं की काम उकरून काढायची सवय. म्हटलं, "झोप की जरा." म्हणाली, "झोप येत नाही." तिचे डोळे सुजल्यासारखे दिसतात.

उजव्या अंगठ्याशेजारचं मांस उतरलंय. तळहात टेबलावर ठेवला तर तिथं खड्डा दिसतो. खाणं कमी झालंय माझं, त्याचाच परिणाम.

११ ऑक्टोबर

आज लाज गेली. मोठी मादी पडली होती, पोट उघडताना सुरीचं टोक आतड्यात घुसलं. घाण सगळी मांसावर. ज्यांनी हे काम केलंय त्यांनाच कळेल हे काय असतं ते. सव्वीस वर्षांत असं एकदाही झालं नाही, अगदी शिकत होतो तेव्हाही नाही. मेव्हण्यानं बादलीनं पाणी मारलं, पण मागचा भाग टाकूनच द्यावा लागला.

घरी येताना विचार केला. चूक टोकाची आहे. माझ्या सुरीचं टोक वर उचललेलं आहे, ते कधी ना कधी आत घुसणारच. बाईंना फोन करून सांगितलं, टोक खाली झुकलेलं करा. त्या म्हणाल्या, "तसंच करतेय आधीपासून." मग विचारलं, "भाऊ, सुरी हातात फिरते का?"

फिरत नाही म्हटलं. नाहीच फिरत. क्वचित फिरते.

३० ऑक्टोबर

मेव्हण्याला लागलं. माझ्या सुरीनं.

तो मागचा पाय धरून ओणवा होता, मी मांडीच्या सांध्यात सुरी घातली होती. मूठ चरबीनं बरबटलेली. जोर लावला आणि सुरी मुठीतच वळली. मला कळलंसुद्धा नाही कधी वळली ते. त्याच्या तळहाताच्या बुडाशी शिरली. बंदूक धरायचा हात. रक्तात माझा जन्म गेलाय, पण हे रक्त मला बघवेना.

दवाखान्यात टाके घातले. डॉक्टरांनी विचारलं तर हा म्हणतो, "पत्रा लागला." बाहेर आल्यावर विचारलं, खोटं कशाला बोललास? म्हणाला, "जाऊ द्या ना, दाजी. ताईलाही पत्राच सांगा."

हे मला लागलं. माझी लाज राखल्यासारखं करतो. पण त्यात लाज कसली? मूठ गुळगुळीत झाली, त्यात चरबी, कुणाचीही सुरी वळली असती. एक इंच वर गेली असती तर त्याचा अंगठा गेला असता. डोळे मिटले की तेच दिसतं.

नव्या सुरीची मूठ जाड आणि खरखरीत हवी. उद्यापरवा बाईंकडे जाऊन सांगतो.

४ नोव्हेंबर

डोकं फिरलंय, तरी लिहितो.

बाईंकडे गेलो. पातं तयार आहे, अजून मूठ बसवायची बाकी. देखणं पातं, खोटं कशाला बोलू. मी जाड मुठीचं सांगितलं. त्या म्हणाल्या, जाड करायची तर पुन्हा माती धरा. धरली, दाबली, दिली. त्यांनी फळीवरून जूनमधली काढली आणि दोन्ही शेजारी शेजारी ठेवल्या.

जुनीत चार खाचा. करंगळीची उथळ होती, पण होती. नवीत अंगठा आणि दोन बोटं नीट उमटलेली, पुढं माती सपाट. जणू तीन बोटांच्या माणसानं धरली होती.

मी म्हटलं, "बाई, ही जुनी माझी नाही."

"तुमचीच आहे."

"मग ही फळीवर दुसऱ्या कुणाची तरी आली असेल. एवढ्या मुठी ठेवता, इकडची तिकडे झाली. माणसाच्या पोटापाण्याची गोष्ट आहे ही."

"भाऊ, मी तीस वर्षं मुठी घेतेय. दोन्ही तुमच्या आहेत." आवाज चढवला नाही त्यांनी. "मूठ जाड करून उपयोग नाही. आधी हात दाखवून या कुणाला तरी. मूठ मी मग बसवते."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. गोंधळ घालायचा स्वतः आणि आजारी ठरवायचं मला! पातं तसंच टाकून निघून आलो. दरवाजा आपटला तर त्या पत्र्याच्या खोलीतलं सगळं खडखडलं.

५ नोव्हेंबर

काल रात्री हिला काही सांगितलं नाही. आज सकाळी सांगितलं. ती कणीक मळत होती. मला वाटलं होतं, ती बाईंना चार शिव्या घालेल. तिचे हात मात्र परातीत थांबले.

"काय म्हणाल्या त्या?"

"म्हणाल्या, दोन्ही मुठी माझ्याच. म्हातारीला दिसत नसेल. थांब, तुला दाखवतो." मी कणकेचा गोळा उचलला, दोन केले. एक उजव्या हातात, एक डाव्या. दोन्ही दाबले, सगळा जोर लावून. दात खाऊन दाबले. मग टेबलावर ठेवले.

डाव्यात चार बोटं खोल रुतलेली. उजव्यात दोन.

मी परत दाबला. परत दोनच. करंगळी आणि शेजारचं बोट कणकेवर नुसती टेकून होती, आणि मला वाटत होतं मी दाबतोय. ती बोटं माझं ऐकत नव्हती आणि मला पत्ताही नव्हता. किती दिवसांपासून?

हिच्याकडे बघितलं. तिनं बघितलंच नव्हतं गोळ्याकडे. ती माझ्या तोंडाकडे बघत होती आणि रडत होती. तिला आश्चर्य वाटलेलं नव्हतं, ते मला सगळ्यात जास्त बोचलं.

"तुला माहीत होतं."

"शर्टाची बटणं तुम्हाला लावता येत नाहीत, होळीपासून."

नाही, तिनं सण नाही सांगितला, मीच हिशेब करतोय. ती एवढंच म्हणाली, "बटणं लावता येत नाहीत तुम्हाला. कप दोन्ही हातांनी धरता. सोललेल्या जनावराच्या कडा फाटलेल्या असतात."

म्हणून ती पहाटे उठत होती. खाटकानं शाबासकी दिली ती तिच्या हाताला होती.

"सांगितलं का नाहीस?"

"काय सांगू? तुमचा हात चाललाय म्हणून सांगू? सुरीसाठी इतके हौसेनं फिरत होतात."

मी ओरडलो तिच्यावर. पुष्कळ बोललो. नंतर दमून खुर्चीत बसलो. आता फार भीती वाटते आहे.

१३ नोव्हेंबर

डॉक्टर म्हणजे हात दाखवून अवलक्षण. कोपराशी नस दबली आहे. सुया टोचल्या, विजेचे झटके दिले, बोट ओढून बघितलं. शस्त्रक्रिया करायची, म्हणजे आहे ते राहील. गेलं ते परत येईल का, विचारलं. डॉक्टर म्हणाले, "थोडंफार येईलही. सुरी धरण्याइतकं येईल असं मी सांगणार नाही."

माणूस सरळ बोलला. मला राग यायला हवा होता, आला नाही. राग यायलाही अंगात काही लागतं.

१६ नोव्हेंबर

मेव्हणा आला. हाताला अजून पट्टी. तो बोलायच्या आधी मीच म्हटलं, "तुला मी कापलं, पत्र्यानं नाही. आणि पुढच्या वेळी अंगठा जाईल. मी आता सुरी धरणार नाही." इतकं सांगून झाल्यावर पाणी प्यायलो.

तो मान खाली घालून बसला. म्हणाला, "दाजी, मला मार्चपासून दिसत होतं. ताईनं शपथ घातली होती."

म्हणजे गोळी चुकली म्हणून मी त्याला चिडवत होतो तेव्हाही त्याला माहीत होतं. सगळ्यांना माहीत होतं, मी सोडून.

मग मूळ गोष्ट निघाली. थंडी हाच आमचा हंगाम. जागेवर सोलणारा माणूस नसेल तर परवाना असून नसून सारखाच. तो चाचरत म्हणाला, "पलीकडच्या गावचा एक जण विचारत होता... तुम्ही हो म्हणालात तरच." परका माणूस माझ्या जागी गुडघे टेकून बसणार आणि मी घरात बसून खिडकीतून बघणार.

ही दारात उभी होती. म्हणाली, "कुणाला बोलवू नका. मी येते."

आम्ही दोघेही हसलो. बंदुकीचा आवाज झाला की ही घरात कानांवर उशी घेते.

"कानात कापूस घालीन. वीस वर्षं तुकडे पाडतेय मी, कुठलं हाड कुठं आहे ते तुमच्याइतकं मलाही कळतं. कोथळा तेवढा काढलेला नाही. तो तुम्ही दाखवा."

मेव्हणा माझ्याकडे बघायला लागला. मी नाही म्हणालो. मग जेवलो. जेवताना घास चमच्यातून सांडला. हात धुताना म्हटलं, "थंडी फार असते तिथं. दोन स्वेटर घाल."

२४ नोव्हेंबर

बाईंकडे आम्ही दोघं गेलो. आधी माफी मागितली. मला वाटलं होतं त्या चार शब्द सुनावतील. म्हणाल्या, "रागावून जातात सगळेच. परत येणारे कमी." मग स्टूल पुसून हिला बसायला दिलं.

मी म्हटलं, "मूठ हिची घ्या."

ही कचरली. "सुरी तुमची आहे, अहो. तुम्ही एवढं निवडून..."

"निवडलं मी. धरायची तू आहेस."

बाईंनी माती दिली. हिनं आधी लाजून धरली, पाहुण्यांकडे कप धरतात तशी. बाई म्हणाल्या, "डुक्कर आहे समोर, व्याही नाही." तेव्हा तिनं दाबली. खाचा इतक्या खोल गेल्या की बोटांच्या पेरांमधून माती वर आली. मी ते बघत राहिलो. एवढा जोर हिच्या हातात आहे हे मला माहीत नव्हतं, आणि तिच्याबरोबर संसार करून तीस वर्षं झाली.

बाईंनी विचारलं, हे पोलाद धार लावायला हट्टी आहे, बदलायचं का? ही म्हणाली, "राहू द्या. हट्टी माणसांची सवय आहे मला."

बाई तेव्हा हसल्या. पहिल्यांदाच.

२० डिसेंबर

डाव्या हातानं लिहितोय. कोपर कापला. अक्षर पहिलीतल्या पोराचं. दुखतं. सुरी आली, म्यान चामड्याचं नाही, कडक प्लास्टिकचं, पाणी धरत नाही. मूठ राळेत भिजवून दाबलेल्या कापडाची, ओली झाली तरी निसटत नाही म्हणे. मी धरून बघितली. माझ्या हातात बसत नाही, छोटी आहे. मग पुष्कळ वेळ रडलो. घरात कुणी नव्हतं, बरं झालं.

१९ जानेवारी

आज पहिल्यांदा तिघं दलदलीवर गेलो. माझ्या हाताची पट्टी निघाली आहे. करंगळी थोडी हलते, त्याला डॉक्टर प्रगती म्हणतात.

हिनं कानात कापूस घातला होता, तरी गोळी सुटली तेव्हा ओरडली. लव्हाळ्यातून दोन पाणकोंबड्या फडफडून उडाल्या. मेव्हणा म्हणाला, "ताई, तू ओरडलीस तर डुकरं दुसऱ्या जिल्ह्यात जातील." पण नर पडला होता, चांगला भरलेला. ती चिखलात गुडघे टेकून बसली आणि माझ्याकडे बघितलं. मी समोर बसून डाव्या हातानं मागचा पाय धरला. जिथं मेव्हणा बसायचा तिथं.

"इथून?"

"इथून. वरवर. नुसती कातडी. दोन बोटं आत घालून पोट वर उचल, धार आकाशाकडे."

"असं?"

"असं. आता हळू."

दर हाताला थांबायची आणि विचारायची. इथून? एवढं? हे काय आहे? मूत्राशय आहे, त्याला धक्का लावू नको. मला मजा वाटायला लागली. इतक्या वर्षांत मी हे कधी कुणाला शब्दांत सांगितलं नव्हतं, आणि सांगताना कळलं की मला किती येतं. कोथळा सगळाच्या सगळा एका तुकड्यात बाहेर आला, कुठं टोक लागलं नाही. ती घामानं निथळत होती, त्या थंडीत. मला तिचा अभिमान वाटला आणि मी तसं म्हणालोही, मेव्हण्यासमोर. ती म्हणाली, "पाय नीट धरा."

उन्हं कलायच्या आत आणखी एक पडलं, मादी, लहानशी. ही कुणी सांगायच्या आधी जाऊन बसली. बाह्या वर केल्या. मी पाय धरला. सुरी कातडीखाली शिरली आणि एकसारखी पुढं सरकत गेली. मी सांगायला तोंड उघडलं, तर ती त्या जागेच्या पुढं गेलेली होती. मी परत उघडलं, तर ते काम झालेलं होतं. मग मी मिटून घेतलं.

दुसऱ्या डुकराला तिनं मला काहीच विचारलं नाही.